ऐकणाऱ्याचे कर्तृत्व

समूहात राहून नावारूपास आलेला कलावंत जेव्हा तो समूह सोडून एकटा निघतो, तेव्हा त्याच्या जाण्याचा अर्थ लावण्याचे काम लोक फार झटपट उरकून टाकतात. पैशाची वाटणी पटली नसेल, असे एक म्हणतो. मानाची वाटणी पटली नसेल, असे दुसरा म्हणतो. आणि अनुभव असा आहे की बहुतेक वेळा दोघांचेही म्हणणे थोडेथोडे खरे ठरते. महाराष्ट्रातील वाचकास हे विस्ताराने सांगावयास नको. नाटक मंडळ्या फुटण्याच्या कथा वगळल्या तर आमच्या रंगभूमीच्या इतिहासाचे पुस्तक बरेच पातळ होईल. एकटा निघालेला मनुष्य अधिक मोठ्याने बोलू इच्छितो, आपला आवाज इतरांच्या आवाजांत बुडू नये अशी त्याची धडपड असते, हे गृहीत धरूनच आपण त्याच्याकडे पाहतो. परंतु एखादा मनुष्य आपला आवाज वेगळा ऐकू यावा म्हणून नव्हे, तर आपला आवाज मुळी मध्ये येऊच नये अशा वाटेने मंडळी सोडून गेला, तर त्यास काय म्हणावे? आणि असा स्वतः मौन धरणारा मनुष्य पुढे आपल्या नावाने ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध करू लागला, तर त्यांवर कर्ता म्हणून त्याचे नाव असावे की नसावे? हा प्रश्न आम्ही कल्पनेने रचलेला नाही. इंग्लंडातील क्रिस वॉटसन ह्या गृहस्थांच्या चरित्राने तो आमच्यापुढे उभा केला आहे, आणि गेले काही महिने त्याने आमचा पिच्छा पुरविला आहे.

शेफील्ड हे पोलादाच्या कारखान्यांचे गाव. तेथे १९७३ च्या सुमारास वॉटसन, रिचर्ड कर्क आणि स्टीफन मॅलिंडर हे तीन तरुण वॉटसन ह्यांच्या घराच्या माळ्यावर जमू लागले. वॉटसन टेलिफोनच्या कामातले तंत्रज्ञ होते. तारा जोडणे, कंपनयंत्रे तयार करणे हे त्यांच्या हातचे काम. आपणांस वाद्ये नीट वाजविता येत नाहीत ह्याची ह्या तिघांस लाज वाटत नव्हती. किंबहुना वाद्यांवाचून काय करता येईल हेच त्यांस पाहावयाचे होते. टेप कापावी, तिची दोन टोके एकमेकांस चिकटवून वलय करावे, आणि यंत्रावर फिरणाऱ्या त्या वलयातून एकच शब्द, एकच खरखर पुनःपुन्हा उमटू द्यावी, अशी त्यांची रीत होती. आपल्या मंडळीस त्यांनी ‘कॅबरे व्होल्टेअर’ हे नाव दिले. पहिले महायुद्ध चालू असता, १९१६ मध्ये झुरिक शहरात काही निर्वासित कवी व चित्रकारांनी ह्या नावाचे एक नाट्यगृहवजा उपाहारगृह उघडले होते. ज्या शहाणपणाने युरोपास खंदकांत लोटले त्या शहाणपणाशी आमचे नाते नाही, असे त्या मंडळींचे म्हणणे होते, आणि ‘दादा’ ह्या बालिश नावाने त्यांचा पंथ ओळखला गेला. शेफील्डच्या तिघांनी नावाबरोबर त्या पंथाचा खोडसाळपणाही उचलला. १९७५ मधील त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम मारामारीत संपला व मॅलिंडर ह्यांस रुग्णालयात जावे लागले! पुढे मात्र त्यांस श्रोते मिळाले. ‘मिक्स-अप’ (१९७९), ‘द व्हॉइस ऑफ अमेरिका’ (१९८०), ‘रेड मेक्का’ (१९८१) ह्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका इलेक्ट्रॉनिक संगीताच्या इतिहासात आजही आदराने उल्लेखिल्या जातात. रेडिओवरील बातम्या, धर्मोपदेशकांची भाषणे, यंत्रांचे ठोके हे सर्व त्यांत एकमेकांवर आदळते, आणि ऐकणाराचे स्वास्थ्य बिघडविणे हा त्या आदळण्याचा हेतू आहे. आमचे तर बिघडले.

हे सारे जमत आले असता, १९८१ मध्येच वॉटसन मंडळीतून निघाले. कोठे गेले? अरण्यात नव्हे, आणि स्वतःची वेगळी मंडळी काढण्यासही नव्हे. न्यूकॅसल येथील टाइन टीज ह्या दूरचित्रवाणी कंपनीत ध्वनिमुद्रकाची नोकरी मिळाली, ती धरण्यासाठी ते गेले. ही गोष्ट आम्हांस फार आवडते. कलावंताच्या संक्रमणाच्या कथांत वीज चमकावी लागते, साक्षात्कार व्हावा लागतो. येथे एक पगारी जागा रिकामी होती आणि एका तंत्रज्ञाने अर्ज केला. आयुष्यभर पगारी जागेवर बसून तत्त्वज्ञान शिकविणाऱ्यांस ह्यातून थोडा दिलासा मिळाल्यास वाचकांनी तो आम्हांस नाकारू नये.

मागे राहिलेल्या दोघांनी नाचण्याजोग्या ठेक्याची वाट धरली आणि १९८३ मधील ‘द क्रॅकडाउन’ ह्या ध्वनिमुद्रिकेने त्यांस पूर्वीपेक्षा पुष्कळ मोठा श्रोतृवर्ग मिळाला. म्हणजे वॉटसन ह्यांनी यशाच्या उंबरठ्यावरून पाय मागे घेतला. सोबत्यांशी त्यांनी दगा केला काय? मंडळी हा एक प्रकारचा करार असतो हे खरे, पण तो विवाहासारखा नसून यात्रेतल्या सोबतीसारखा असतो. ज्याचे गाव आले तो उतरतो. मात्र उतरताना त्याने इतरांची गाठोडी नेऊ नयेत, एवढा नियम आहे. वॉटसन ह्यांनी नाव नेले नाही, ते नाव सोबत्यांकडेच राहिले. आणि अखेर तर कर्क ह्यांनी एकट्याने ते चालविले व २०२१ मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडले नाही. एकाच मंडळीतून दोन एकटे मनुष्य निघाले: एक नाव घेऊन, एक नाव टाकून. त्यांत श्रेष्ठ कोण हे ठरविण्याचा मोह आम्ही आवरतो.

नोकरीच्या ओघात वॉटसन पक्षिरक्षण करणाऱ्या एका संस्थेच्या चित्रपट विभागात आणि तेथून पुढे बी.बी.सी.च्या निसर्गपटांकडे वळले. डेव्हिड ॲटनबरो ह्यांची पक्ष्यांच्या जीवनावरील १९९८ मधील चित्रमालिका पुष्कळांनी पाहिली असेल. तिच्या ध्वनिमुद्रणात त्यांचा मोठा वाटा आहे. परंतु चित्रपटातला ध्वनी हा चित्राचा नोकर असतो. पक्षी दिसला की त्याने बोलावे, दिसेनासा झाला की गप्प बसावे. शिवाय अशा चित्रपटांत पडद्यावरच्या प्राण्याची पावले पुष्कळदा स्टुडिओत बसून मनुष्यच वाजवितो, हे त्या धंद्यातले उघड गुपित आहे. बहुधा ह्याच चाकरीतून सुटका म्हणून वॉटसन ह्यांनी चित्राशिवाय, निवेदनाशिवाय, वाद्याशिवाय, निव्वळ स्थळांचे आणि प्राण्यांचे ध्वनी असलेल्या ध्वनिमुद्रिका स्वतःच्या नावाने काढावयास आरंभ केला. १९९६ मध्ये ‘स्टेपिंग इंटू द डार्क’ निघाली, १९९८ मध्ये ‘आउटसाइड द सर्कल ऑफ फायर’.

ह्या दुसरीत एक तुकडा आहे. केनियातील माळावर मरून पडलेल्या झेब्र्याच्या देहात त्यांनी मायक्रोफोन दडविले आणि आपण दूर जाऊन बसले. मग गिधाडे उतरली. आमचा एक माजी विद्यार्थी ही ध्वनिमुद्रिका घेऊन आला व रात्री जेवणाच्या सुमारास त्याने ती लावली. फडफड, फूत्कार, ओढाताण, काही तरी फाटल्याचा ओला आवाज. स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवती बाहेर आल्या. “अहो, हे काय लावलंय?” आम्ही खुलासा केला. त्या क्षणभर ऐकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे आपण आतून ऐकतोय. त्या मेलेल्याच्या आतून.” नंतर, पाने वाढली असता असले काही लावू नये, हेही त्यांनी सांगितले, परंतु पहिले वाक्य समीक्षेचे होते, आणि त्या रात्री आम्हांस जे सुचले नव्हते ते त्यात आले होते.

हे संगीत आहे काय, ह्या वादात आम्ही फार वेळ घालविणार नाही. तो वाद इतका जुना झाला आहे की त्यातली दोन्ही बाजूंची भाषणे कोणासही पाठ म्हणता येतील. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचिला, तेव्हा आरंभ रागापासून न करता पिंडापासून आणि नादापासून केला, हे आमच्याकडील पंडितांस ठाऊक आहे. आणि १९५२ मध्ये जॉन केज ह्या अमेरिकन रचनाकाराने चार मिनिटे तेहतीस सेकंद पियानोवाल्यास स्वस्थ बसवून श्रोत्यांस सभागृहातील खाकरणे व बाहेरचा वारा ऐकावयास लाविले, हे तिकडील पंडितांस. ज्यास हे संगीत म्हणावयाचे नसेल त्याने दुसरे नाव शोधावे. आमचा प्रश्न निराळा आहे. गिधाडांचा हा तुकडा कोणाची कृती? आवाज गिधाडांचा, देह झेब्र्याचा, वारा माळाचा. वॉटसन ह्यांचे त्यात काय?

प्रथमदर्शनी उत्तर सोपे वाटते: काहीच नाही, आणि ह्यातच त्यांचा मोठेपणा. असे उत्तर आमच्या कानास विशेष गोड लागते, कारण अहंकार गळाला की कार्य झाले ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. वॉटसन ह्यांच्यावर लिहिणारे कित्येक जण ह्याच सुरात लिहितात. परंतु आम्हांस हे उत्तर पटेनासे झाले आहे. मायक्रोफोन दहा हातांवर ठेविला असता तर आम्ही गिधाडांस पाहणारे प्रवासी झालो असतो. तो बरगड्यांत ठेविला म्हणून आम्ही भक्ष्य झालो. आमच्या सौभाग्यवतींच्या वाक्यातला तो ‘आतून’ गिधाडांनी केलेला नाही, झेब्र्यानेही नाही. कोठे उभे राहावे, किती वाजता, किती अंतरावर, आणि केव्हा थांबावे, हे चार निर्णय ज्याने घेतले तो अनुपस्थित आहे असे म्हणणे हा नम्रतेचा देखावा होईल. जो बोलत नाही तो आपल्या जागेने बोलतो.

फ्रान्समधील पिएर शेफेर ह्यांच्याशी तुलना केली म्हणजे हे अधिक उघड होते. शेफेर ह्यांनी १९४८ मध्ये पॅरिसच्या आगगाड्यांचे आवाज मुद्रित करून, कापून, जुळवून एक लहानसा रचनाबंध केला. ध्वनिमुद्रित आवाजांच्या संगीताचा तो आरंभ मानिला जातो. त्यांची इच्छा अशी की ऐकणाराने आगगाडी विसरावी आणि ध्वनी तेवढा ध्वनी म्हणून ऐकावा. वॉटसन ह्यांस ते वडीलधाऱ्यांच्या स्थानी आहेत. तथापि शिष्याने गुरूची इच्छा उलटी केली. ‘एल त्रेन फांतास्मा’ ह्या २०११ मधील ध्वनिमुद्रिकेत त्यांनीही आगगाडीच घेतली आहे, पण ती मेक्सिकोतील एका विशिष्ट मार्गाची, पॅसिफिक किनाऱ्यावरील लोस मोचिसपासून अटलांटिक बाजूच्या वेराक्रूझपर्यंतची. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एका बी.बी.सी. चित्रपटाच्या कामासाठी ते त्या मार्गाने गेले होते. पुढे तेथील रेल्वे खाजगी कंपन्यांच्या हाती गेली आणि किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंतचा तो उतारूंचा प्रवास बंद पडला. आता ती आगगाडी विसरा असे सांगण्याचा अधिकार कोणास उरला आहे? रूळ बदलताना होणारी ती किंकाळी, निर्मनुष्य स्टेशनावरचे ते रातकिडे, हे निव्वळ ध्वनी म्हणून ऐकणे आमच्या हातून होत नाही. ज्याने ते मुद्रित केले तो साक्षीदार झाला आहे.

आणि साक्षीदार म्हटला की त्यास शपथ आली. येथे आमच्या प्रश्नाला नैतिक रूप येते. २००३ मधील ‘वेदर रिपोर्ट’ ही ध्वनिमुद्रिका घ्या. तीत तीन भाग आहेत, प्रत्येक अठरा मिनिटांचा. पहिल्यात केनियातील मसाई मारा येथील चौदा तास, दुसऱ्यात स्कॉटलंडच्या एका डोंगरदरीतले सप्टेंबर ते डिसेंबर हे चार महिने, तिसऱ्यात आइसलंडमधील हिमनदाचा समुद्रापर्यंतचा प्रवास. चौदा तासांचे अठरा मिनिटांत काय होते? पहाटेचा पक्षी गप्प होतो न होतो तोच माध्यान्हीच्या माशा गुणगुणू लागतात, आणि त्यांच्यामागून पावसाची गडगड येते. असे तेथे कधीही घडले नाही. २०१३ मधील ‘इन सेंट कथबर्ट्स टाइम’ ह्या ध्वनिमुद्रिकेत तर ते आणखी पुढे गेले. लिंडिसफार्न बेटावर सातव्या शतकातील साधू कथबर्ट ह्यांच्या कानी, आणि पुढे तेथील सुप्रसिद्ध शुभवर्तमानांची पोथी लिहिणाऱ्या ईडफ्रिथ ह्यांच्या कानी काय पडत असेल, ते त्यांनी आजच्या बेटावरील पक्षी, सील व वारा ह्यांतून उभे केले. आजच्या मोटारी अर्थातच गाळल्या. ही साक्ष आहे की कादंबरी?

काही काळ आम्ही ह्यास लबाडी म्हणावयास सिद्ध होतो. आमचे मत फिरले ते एका घरगुती प्रसंगाने. तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आमच्या वडिलांनी १९८४ च्या उन्हाळ्यात मोरोपंतांची ‘केकावली’ अर्ध्याहून अधिक म्हणून एका कॅसेटवर भरून ठेविली होती. टेप-रेकॉर्डर माजघरात होता, खिडकी उघडी होती, आणि वाड्यातले सारे जग त्या कॅसेटमध्ये शिरले होते: हातपंप, कोणाचे तरी भांडी घासणे, कल्हईवाल्याची आरोळी, आईची बांगडी. गेल्या वर्षी ती जीर्ण कॅसेट आम्ही पुतण्याकडे दिली व संगणकावर घेताना मागची खरखर आणि गोंगाट काढून टाकण्यास सांगितले. त्याने मन लावून काम केले. आवाज स्वच्छ आला, इतका की वडिलांचा श्वासही ऐकू यावा. घरच्या सर्वांनी शाबासकी दिली. आम्ही मात्र दोन वेळा ऐकून यंत्र बंद केले. तो आवाज आमच्या वडिलांचाच होता, परंतु ते कोठे बसले आहेत हे कळत नव्हते. मोकळ्या आकाशात एक वृद्ध गृहस्थ पृथ्वी वृत्त म्हणत होते. त्यातही एके ठिकाणी तर असे झाले होते की श्लोकाच्या मध्येच ते थांबतात, “ये” म्हणतात, आणि पुन्हा चालू करतात. कोणास “ये” म्हणाले? मूळ कॅसेटमध्ये त्यापूर्वी दाराची कडी वाजते. कडी हा गोंगाट म्हणून गाळला गेला होता.

दोष पुतण्याचा नव्हता, सांगणारे आम्ही होतो. ज्यास आम्ही चाळीस वर्षे पार्श्वभूमी समजत आलो तिच्यातच वडील राहत होते, हे ती काढून टाकल्यावर आमच्या ध्यानात आले. आणि तेव्हा वॉटसन ह्यांच्या अठरा मिनिटांकडे आम्ही निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. गाळणे अपरिहार्य आहे. चौदा तास कोणी ऐकत नाही. आम्हीही वडिलांची ती नव्वद मिनिटे सलग अशी आयुष्यात दोनदाच ऐकली असतील. परंतु वॉटसन गाळतात ते वेळेला, जागेला नव्हे. मसाई माऱ्यातील पक्षी आणि पाऊस ह्यांमधले तास गेले तरी पक्षी ज्या माळावर आहे त्याच माळावर पाऊस पडतो. शिवाय किती तासांचे किती मिनिटे केले हे ते स्वतः सांगून टाकतात. श्रोत्यास फसवून घेण्याची जागाच उरत नाही. बेटाच्या बाबतीतही त्यांनी नावातच काळ सांगितला आहे, म्हणजे ही कल्पना आहे असे दारावर लिहिले आहे. आम्ही केली ती चूक ह्याच्या उलट होती. आम्ही वेळ राखली, जागा पुसली, आणि जे उरले त्यास ‘शुद्ध’ असे नाव दिले. स्टुडिओत बसून हरणाची पावले वाजविणारा मनुष्यही आमच्याइतका चुकत नसेल. आपण खोटे वाजवीत आहो हे त्यास निदान ठाऊक असते.

तेव्हा कर्ता म्हणून वॉटसन ह्यांचे नाव असावे, असे आम्ही आता म्हणतो. मात्र ते श्रेयासाठी नव्हे. काय ठेवले व काय टाकले ह्याचा जाब कोणास विचारावा हे कळले पाहिजे म्हणून नाव असावे. मंडळीत हा जाब तिघांत वाटला जातो आणि पुष्कळदा हरवतो. एकट्या मनुष्यास तो वाटून देता येत नाही. एकटे निघण्याचा हाही एक अर्थ आहे, आणि मानापमानाच्या कथांत तो कोणी सांगत नाही.

ह्या गृहस्थांनी खरोखर काही सोडले काय, ह्याविषयीही आम्हांस हल्ली संशय वाटतो. लहानपणी त्यांच्या हाती आईवडिलांनी टेप-रेकॉर्डर दिला होता. स्वयंपाकघराच्या काचेतून बागेतील पक्षी दाणे टिपताना दिसत, पण ऐकू येत नसत. मुलाने यंत्र बाहेर नेऊन ठेविले आणि आपण आत आला. झेब्र्याच्या बरगड्यांत मायक्रोफोन ठेवून दूर जाऊन बसणारा मनुष्य तोच आहे. मधली माळ्यावरची वर्षे वेगळी दिसतात, परंतु टेप कापणे तेथलेच, आणि जागेवरून उचललेला आवाज जागेवाचून किती भेसूर होतो हेही बहुधा तेथेच त्यांच्या अनुभवास आले असावे. २०१९ मधील ‘चेर्नोबिल’ ह्या चित्रमालिकेच्या संगीतासाठी हिल्दुर गुड्नादोत्तिर ह्या आइसलंडच्या रचनाकार बाईंबरोबर ते लिथुआनियातील इग्नालिना येथील बंद पडलेल्या अणुवीजकेंद्रात गेले व तेथील दारे, पंप आणि रिकामी दालने मुद्रित करून आले. त्या मालिकेतील घरघर ऐकताना आमच्या विद्यार्थ्यास शेफील्डची आठवण झाली. आम्हांस झाली नाही. पण आमचा कान त्या बाबतीत अजून कच्चा आहे.

पुतण्याने मूळ कॅसेट परत आणून दिली आहे. तिच्यात दाराची कडी वाजते, वडील थांबतात, “ये” म्हणतात, आणि कोणी तरी आत येऊन सतरंजीवर बसल्याचा बारीकसा आवाज येतो. आलेली व्यक्ती शेवटपर्यंत एक शब्द बोलत नाही. ती कोण, हे आम्ही थोरल्या बहिणीस विचारले, धाकट्या काकांस विचारले. कोणासच सांगता येत नाही.